काश्मीरच्या थंडीसाठी ट्रकची बॅटरी घरूनच तयार करून न्या

डिसेंबर-जानेवारीत काश्मीर खोऱ्यात रात्री पारा उणे 5 अंशांच्या खाली जातो. त्यात बर्फ पडला किंवा दरड कोसळली की जम्मू-श्रीनगर महामार्ग बंद होतो आणि काझीगुंड-उधमपूरच्या बाजूला ट्रकांच्या रांगा दोन-दोन दिवस जागच्या हलत नाहीत. रस्ता खुला झाला की काही गाड्या निघतात, काहींचा सेल्फ, म्हणजे इंजिन फिरवणारी स्टार्टर मोटर, नुसता टकटक करतो. यातल्या बऱ्याच बॅटऱ्या आपल्याकडच्या मे महिन्याच्या उन्हाने आधीच झिजलेल्या असतात. गरम हवेत अर्ध्या ताकदीवरही गाडी चालू होते, म्हणून ते कळत नाही. त्यामुळे सफरचंद भरायला जाणाऱ्या गाडीची बॅटरी निघण्याच्या आठवडाभर आधी आपल्याच गॅरेजात तपासा.

थंडी तीन बाजूंनी गाठते. पूर्ण चार्ज असलेली बॅटरी 0 अंशाला साधारण 80 टक्केच ताकद देते आणि उणे 18 ला जेमतेम निम्मी. त्याच वेळी इंजिनमधलं 15डब्ल्यू-40 जातीचं ऑइल घट्ट झाल्यामुळे इंजिन फिरवायला सेल्फला जास्त करंट लागतो. शिवाय गार पडलेली बॅटरी चार्जही हळू घेते, म्हणून पाच-दहा मिनिटं इंजिन चालू ठेवून उतरलेली बॅटरी भरून निघत नाही.

मोठ्या ट्रकला 12 व्होल्टच्या दोन बॅटऱ्या सिरीजमध्ये, म्हणजे एकीमागे एक, जोडून 24 व्होल्ट मिळतात. दोन्ही मिळून एकदाच मोजू नका. गाडी रात्रभर उभी राहू द्या आणि सकाळी सेल्फ मारण्याआधी मल्टीमीटर प्रत्येक बॅटरीला वेगळा लावा. 12.6 किंवा जास्त म्हणजे भरलेली, 12.4 म्हणजे पाऊण, 12.2 म्हणजे अर्धी. दोघींत 0.2 व्होल्टपेक्षा जास्त फरक दिसला, तर आधी त्याचं कारण शोधा.

ते कारण बहुतेक वेळा वायरमनने टेपसाठी किंवा मोबाइल चार्जरसाठी एकाच बॅटरीवरून काढलेली 12 व्होल्टची वायर असते. त्या वायरीवर 3 अँपिअरचा लोड 10 तास चालला, तर एकाच बॅटरीतून 30 अँपिअर-तास जातात. डायनॅमो मात्र दोघींना सिरीजमध्ये सारखाच करंट देतो. भरलेली बॅटरी जास्त चार्ज होऊन उकळते आणि रिकामी अर्धवटच राहते. वारंवार पाणी मागते ती भरलेली, म्हणून पुष्कळदा तिलाच बदललं जातं आणि खरी उपाशी बॅटरी गाडीत तशीच राहते! ती वायर काढून टाका, 24 चे 12 करणारा कन्व्हर्टर बसवा आणि दोन्ही बॅटऱ्या उतरवून वेगवेगळ्या चार्जरवर पूर्ण भरा. बदलायची वेळ आली तर जोडीच बदला: एकाच कंपनीची, एकाच क्षमतेची, एकाच वयाची.

झाकणं उघडणारी बॅटरी असेल तर हायड्रोमीटर, म्हणजे ऍसिड पाण्याच्या किती पट जड आहे ते दाखवणारी नळी, घ्या. आपल्याकडच्या भरलेल्या बॅटरीत 27 अंशांना 1.240 ते 1.260 दिसायला हवं. एखादा सेल बाकीच्यांपेक्षा 0.040 ने खाली असेल आणि पूर्ण चार्जिंगनंतरही वर येत नसेल, तर ती बॅटरी घाटात नेऊ नका. आकडा वाढवायला वरून ऍसिड ओतू नका, त्याने प्लेटा खराब होतात. सीलबंद बॅटरीवरचा हिरवा डोळा, म्हणजे चार्ज दाखवणारी खिडकी, एकाच सेलची खबर देतो, तेवढ्यावर विसंबू नका. बॅटरीतून मोठा करंट ओढून पाहणाऱ्या लोड टेस्टरवर लावा. बॅटरीवर छापलेल्या सीसीए (थंडीत सेल्फ फिरवायला मिळणारा करंट) आकड्याच्या निम्मा लोड 15 सेकंद दिल्यावर 20 अंशांच्या आसपास व्होल्टेज 9.6 च्या खाली जाता कामा नये.

हायड्रोमीटरचा आकडा गोठण्याच्या दृष्टीनेही महत्त्वाचा आहे. 1.225 चं ऍसिड उणे 37 च्या आसपास गोठतं, 1.150 चं उणे 15 ला आणि जवळपास रिकाम्या बॅटरीतलं, म्हणजे 1.100 चं, उणे 7 लाच. भरलेल्या बॅटरीला काश्मीरच काय, द्रासचीही सहसा भीती नाही.

टर्मिनलवर पांढरं-हिरवं फूल आलं असेल तर आधी निगेटिव्ह केबल सोडा. अर्धा लिटर कोमट पाण्यात दोन चमचे खाण्याचा सोडा घालून धुवा, लग (केबलच्या टोकाची पकड) आतून घासून चकचकीत करा, घट्ट आवळा आणि मग व्हॅसलीन लावा. अर्थिंगची केबल विसरू नका: सेल्फ फिरत असताना निगेटिव्ह टर्मिनल आणि इंजिन ब्लॉक यांच्यामध्ये अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दिसलं, तर नवी बॅटरीही तिथे हरते. इंजिन चालू असताना चार्जिंग साधारण 27.5 ते 28.5 व्होल्ट हवं.

वाटेत बॅटरीत पाणी घालायचं तर गाडी काही तास चालणार असेल तेव्हाच घाला. मुक्कामी घातलेलं पाणी ऍसिडमध्ये न मिसळता वर तरंगतं आणि गोठतं.

सेल्फने 10 सेकंद 500 अँपिअर ओढला तरी खर्च दीड अँपिअर-तासाच्या आत असतो. पार्किंगचे दिवे, केबिनचा दिवा आणि टेप मिळून 5 अँपिअर रात्रभर चालले, तर 50 अँपिअर-तास जातात. म्हणून मुक्कामी बॅटरी तोडणारा कट-ऑफ स्विच बंद करा. बीएस-6 गाडीत मात्र किल्ली बंद केल्यावर डीईएफचा (धूर साफ करणाऱ्या युरियाच्या द्रवाचा) पंप नळ्या रिकाम्या करत असतो. पुस्तिकेत दिलेला वेळ थांबा, मगच कट-ऑफ.

सकाळी डॅशबोर्डवरचा इंजिन हीटरचा दिवा विझू द्या, क्लच पूर्ण दाबा म्हणजे गिअरबॉक्समधल्या घट्ट ऑइलचा भार सुटतो, आणि एका वेळी 10 सेकंदच सेल्फ मारा. मध्ये दोन मिनिटं थांबा. सेल्फ जोरात फिरतोय पण इंजिन पकडत नाही, तर बहुधा डिझेलमध्ये मेण धरलंय. सेल्फ मारत राहून बॅटरी संपवण्यात अर्थ नाही. डिझेल वितळवायला टाकीखाली किंवा चेंबरखाली (इंजिन ऑइलच्या तळाखाली) जाळ कधीही करू नका. जीव जातो.

दुसऱ्या गाडीकडून करंट घ्यायचा तर तीही 24 व्होल्टचीच हवी. लाल केबल सेल्फकडे जाणाऱ्या पॉझिटिव्हला. काळीचं शेवटचं टोक आपल्या इंजिनच्या उघड्या लोखंडाला, बॅटरीपासून लांब. त्याआधी बॅटरीचं अंग फुगलंय का, आत बर्फ दिसतोय का, ते बघा. गोठलेल्या बॅटरीला करंट दिला तर ती फुटू शकते. ती उतरवून उबदार खोलीत पूर्ण वितळू द्या आणि तडा नाही याची खात्री झाल्यावरच चार्जरला लावा.