नाशिकच्या हवेत टिलँड्सिया आयोनांथाची जोपासना

टिलँड्सिया आयोनांथा ही अननसाच्या कुळातील, मेक्सिको आणि मध्य अमेरिकेत झाडांच्या फांद्यांवर वाढणारी, मुठीत मावेल एवढी लहान वनस्पती आहे. तिला माती लागत नाही. पण म्हणून तिला बांडगूळ समजणे बरोबर नाही. बांडगूळ ज्या झाडावर वाढते त्याचा रस शोषते. आयोनांथाची मुळे मात्र केवळ फांदी धरून ठेवतात, आणि पाणी व अन्नद्रव्ये ती पानांवरील रुपेरी, खवल्यांसारख्या सूक्ष्म रोमांतून घेते. कोरड्या पानावर पाण्याचा एक थेंब सोडून पाहावा. तो पसरतो, रोम पाण्याने भरून पारदर्शक होतात आणि करड्या पानाचा तेवढाच भाग हिरवा दिसू लागतो.

ही वनस्पती दिवसा पर्णरंध्रे बहुतांशी मिटून ठेवते व रात्री उघडून कार्बन डायऑक्साइड घेते. रात्री पाने ओली राहिली तर तिला श्वास घेणे कठीण जाते, आणि पानांच्या बेचक्यांत साचलेल्या पाण्यामुळे गाभा कुजतो. म्हणून पाणी सकाळीच द्यावे. रोप वीस ते तीस मिनिटे पाण्यात बुडवावे, बाहेर काढून उलटे धरावे, आतले पाणी निथळेपर्यंत हलके झटकावे आणि आडवे ठेवून चार तासांच्या आत पूर्ण वाळू द्यावे. माझ्या मते पाणी किती दिले यापेक्षा ते किती लवकर वाळले, याकडे अधिक लक्ष द्यायला हवे.

नाशिकमध्ये हे वेळापत्रक ऋतूप्रमाणे बदलावे लागते. मार्च ते मे या काळात पारा चाळिशीकडे जातो आणि हवा फार कोरडी असते. तेव्हा आठवड्यातून दोनदा बुडवणे आणि मधल्या दिवशी सकाळी फवारा मारणे योग्य ठरते. पावसाळ्यात हवेतच ओलावा असतो, त्यामुळे दहा-बारा दिवसांतून एकदा पाणी पुरते, आणि सततच्या झडीत रोप छपराखाली, वारा खेळता राहील अशा जागी टांगणे आवश्यक असते. काचेच्या गोळ्यात ते शोभून दिसते हे खरे, पण निदान पावसाळ्यात तरी ते त्यातून बाहेर काढावे. डिसेंबर-जानेवारीत रात्रीचे तापमान दहा अंशांच्या खाली उतरते. तेव्हा रोप घरात घ्यावे आणि ऊन वर आल्यावर कोमट पाण्यात आठवड्यातून एकदा बुडवावे.

पाणी कोणते, हाही प्रश्न तितकाच महत्त्वाचा आहे. बोअरवेलचे जड पाणी वाळल्यावर पानांवर पांढरे क्षार सोडते आणि त्यांनी रोम बुजतात. सोसायटीच्या सॉफ्टनरमधून आलेल्या पाण्यात सोडियम असतो, म्हणून तेही टाळावे. गच्चीवर धरलेले पावसाचे स्वच्छ पाणी सर्वांत उत्तम. ते नसेल तर नळाचे पाणी बादलीत रात्रभर उघडे ठेवून वापरावे.

द्राक्षबागांच्या या जिल्ह्यात आणखी एक सावधगिरी बाळगावी लागते. तांबे टिलँड्सियासाठी विषारी आहे, कारण जे रोम पाणी शोषतात तेच तांबेही आत घेतात. द्राक्षांवर बुरशीसाठी फवारले जाणारे बोर्डो मिश्रण मोरचूद (तांब्याचा क्षार) आणि चुन्यापासून बनते, म्हणून ज्या पंपाने ते फवारले असेल तो धुऊनही या रोपासाठी वापरू नये, आणि बागेच्या बांधाला लागून घर असेल तर फवारणीच्या दिवशी रोप आत घ्यावे. बाग काढल्यावर मिळणारी द्राक्षवेलीची पीळदार खोडे रोप बांधण्याच्या बैठकीसाठी मोहक वाटतात. परंतु त्यांच्या सालीत वर्षानुवर्षांच्या फवारणीचा अंश असू शकतो, त्यामुळे त्यांऐवजी बाभळीचा किंवा सागाचा रंगरोगण न केलेला सुका तुकडा घ्यावा. रोप तांब्याच्या तारेने बांधू नये. मासेमारीचा नायलॉन दोरा चांगला. बैठकीवर नारळाचा काथ्या किंवा शेवाळ लावू नये, कारण ते बुडाशी ओल धरून ठेवतात.

जागा पूर्वेकडील गॅलरीची असावी. सकाळचे कोवळे ऊन चालते, मात्र उन्हाळ्यात दुपारी शेडनेटची सावली हवी.

खत महिन्यातून एकदा, ऑर्किडसाठीचे, सांगितलेल्या मात्रेच्या चौथ्या हिश्श्याने बुडवण्याच्या पाण्यात घालावे, आणि त्यात तांबे नाही ना, हे पाकिटावर वाचून घ्यावे. कृषी सेवा केंद्रातील 19:19:19 या (नत्र, स्फुरद व पालाश समप्रमाणात असलेल्या) खतामध्ये नत्राचा मोठा भाग युरियाच्या रूपात असतो. युरियाचे विघटन करणारे मातीतील जीवाणू येथे नसल्यामुळे ते मी सुचवणार नाही.

पानांच्या कडा आत वळल्या तर रोप तहानलेले आहे आणि बुडवल्यावर ते सावरते. बूड काळे व मऊ पडून मधली पाने हलक्या ओढीने हातात आली, तर गाभा कुजला आहे असे समजावे. तो वाचत नाही. खरेदी करतानाही बूड बोटांनी दाबून ते टणक असल्याची खात्री करावी.

फुलण्याच्या सुमारास आतली पाने लालभडक होतात आणि मधून जांभळी, नळीसारखी फुले डोकावतात. रोप आयुष्यात एकदाच फुलते व त्यानंतर हळूहळू वाळते. मात्र दरम्यान बुडाशी पिल्ले धरते. पिल्लू आईच्या निम्म्या आकाराचे झाल्यावर बुडाशी धरून हलक्या हाताने पिळून वेगळे करता येते. घाई नसेल तर ती तशीच राहू द्यावीत, म्हणजे त्यांचा दाट गुच्छ तयार होतो. फक्त गुच्छाचा मधला भाग सावकाश वाळत असल्याने त्याला पाण्यानंतर पंख्याखाली ठेवावे.