युरोपला बोल्ट आणि फोर्जिंग पाठवताय? सीबॅमचा हिशोब असा लावा

भोसरी, चाकण, रांजणगाव पट्ट्यातल्या निर्यातदारांना युरोपच्या ग्राहकाकडून हल्ली एक एक्सेल फाइल येते आणि सोबत एकच वाक्य: ‘उत्सर्जनाची माहिती भरून पाठवा.’ ती फाइल क्वालिटीवाला अकाउंट्सकडे ढकलतो, अकाउंट्सवाला सीएकडे, आणि शेवटी ती अंदाजे आकडे टाकून परत जाते. २०२५ अखेरपर्यंत हे खपून गेलं, कारण तोवर फक्त माहिती द्यायची होती. १ जानेवारी २०२६ पासून युरोपीय संघाच्या कार्बन बॉर्डर अ‍ॅडजस्टमेंट मेकॅनिझमचा, म्हणजे सीबॅमचा (आयात मालाच्या निर्मितीत झालेल्या कार्बन उत्सर्जनावरच्या आकारणीचा), पैशांचा भाग सुरू झाला आहे.

पैसे भरतो तो युरोपातला आयातदार, तुम्ही नाही. पण त्याने किती भरायचे हे तुमच्या आकड्यावर ठरतं आणि तो ते तुमच्या दरातून वळते करून घ्यायला बघणार, हेही उघड आहे.

आधी कोड बघा

सीबॅममध्ये लोखंड-पोलाद, अ‍ॅल्युमिनियम, सिमेंट, खतं, हायड्रोजन आणि वीज येतात. पुण्याच्या मालाला लागू होणारे कस्टम्स वर्गीकरणाचे मुख्य शीर्षक-क्रमांक असे: बोल्ट, नट, स्क्रू, वॉशर ७३१८ मध्ये, पाइप फिटिंग ७३०७, ‘लोखंडाच्या इतर वस्तू’ ७३२६, अ‍ॅल्युमिनियमच्या इतर वस्तू ७६१६. हे सगळे आत आहेत. बीडाचे आणि पोलादाचे कास्टिंग ज्या ७३२५ मध्ये जातात, ते शीर्षक मूळ यादीत नाही. वाहनांचे भाग (८७०८), इंजिनाचे भाग (८४०९), क्रँकशाफ्ट आणि गिअर (८४८३) हेही अजून बाहेर आहेत.

फोर्जिंगवाल्यांचा घोळ इथेच होतो. मशिनिंग न केलेलं साधं फोर्जिंग (तापवून, ठोकून घडवलेला भाग) ७३२६ मध्ये जातं, म्हणजे आत. पण ज्या कच्च्या फोर्जिंगला क्रँकशाफ्टचा आकार आलेला आहे आणि ज्याचा दुसरा काही उपयोगच नाही, ते वर्गीकरणाच्या नियम २(अ) प्रमाणे तयार भागाच्या शीर्षकात, म्हणजे ८४८३ मध्ये, जाऊ शकतं. त्यामुळे शिपिंग बिलावर वर्षानुवर्षं सवयीने टाकलेला कोड एकदा ड्रॉइंग समोर ठेवून तपासा. पहिले सहा अंक जगभर सारखे असतात, पुढचे दोन युरोपचे वेगळे, तेव्हा आठ अंकी सीएन कोड (युरोपचा कस्टम्स कोड) ग्राहकाकडूनच लेखी मागवा. सीबॅम चुकवायचा म्हणून कोड बदलायच्या फंदात मात्र पडू नका. पळवाटा शोधणाऱ्यांसाठी कायद्यात स्वतंत्र कलम आहे.

बाहेर आहोत म्हणून निर्धास्त होण्यातही अर्थ नाही. १७ डिसेंबर २०२५ ला युरोपीय आयोगाने पोलाद-अ‍ॅल्युमिनियमपासून बनणारी सुमारे १८० उत्पादनं २०२८ पासून यादीत आणण्याचा प्रस्ताव मांडला. त्यात यंत्रसामग्री आणि वाहनांचे भागही आहेत.

पन्नास टनांची सूट कोणाची?

ऑक्टोबर २०२५ मधल्या दुरुस्तीने वर्षाला ५० टनांपर्यंत आयात करणाऱ्याला सूट मिळाली. ही मर्यादा आयातदाराची आहे, तुमची नाही. तुम्ही त्याला वर्षभरात १२ टन बोल्ट देता, पण तो तैवान आणि तुर्कस्तानातूनही माल घेत असेल, तर त्याची पोलाद, अ‍ॅल्युमिनियम, सिमेंट आणि खतांची सगळी बेरीज मोजली जाते. त्याला दोनच प्रश्न विचारा: तुमची वर्षाची एकूण आयात ५० टनांच्या वर जाते का, आणि तुम्ही अधिकृत सीबॅम डिक्लरंट (सीबॅमचं घोषणापत्र भरायची परवानगी असलेले आयातदार) आहात का. उत्तर ईमेलवर घ्या.

डीडीपी अटीवर (आयातशुल्कासह पोच द्यायच्या अटीवर) माल पाठवत असाल तर जास्त जपून. तिथे आयातदार म्हणून तुमचंच नाव लागण्याची शक्यता असते. युरोपात कार्यालय नसेल तर अधिकृत डिक्लरंट असलेला अप्रत्यक्ष कस्टम्स प्रतिनिधी नेमावा लागतो, आणि तो ही जोखीम फुकट घेत नाही.

‘पहिल्या वर्षी अडीच टक्केच’ हा गैरसमज

२०२६ साठी सीबॅमचा टप्पा २.५ टक्के आहे, २०२७ ला ५, २०२८ ला १०, २०२९ ला २२.५, २०३० ला ४८.५ आणि २०३४ ला १०० टक्के. यावरून अनेक जण आडाखा बांधतात की एकूण उत्सर्जनाच्या अडीच टक्क्यांवरच पैसे लागतील. तसं नाही. युरोपातल्या कारखान्यांना बेंचमार्कएवढे (टनामागे ठरवून दिलेल्या प्रमाण उत्सर्जनाएवढे) उत्सर्जन परवाने फुकट मिळतात, आणि त्याचा ९७.५ टक्के भाग तुमच्या उत्सर्जनातून वजा होतो. बेंचमार्कच्या वर जे काही आहे, त्यावर पहिल्या वर्षापासून पूर्ण पैसे लागतात.

उदाहरणासाठी आकडे मानून घेऊ. एक टन बोल्टला १.१ टन बार (पोलादी सळई) लागतो. बारचं उत्सर्जन टनाला २.४ टन कार्बन डायऑक्साइड. म्हणजे बोल्टमागे २.६४ टन. बेंचमार्क १.४ धरा. त्याचे ९७.५ टक्के म्हणजे १.३६५. उरले १.२७५ टन. आयातदाराला उरलेल्या प्रत्येक टनामागे एक सीबॅम प्रमाणपत्र विकत घ्यावं लागतं; त्याचा भाव ७५ युरो धरला तर टनाला सुमारे ९६ युरो. ‘अडीच टक्के’वाल्या हिशोबाने हाच आकडा ५ युरो येतो. पाच युरो धरून कोटेशन दिलेलं असेल तर काय होईल, ते वेगळं सांगायला नको.

हेच गणित २.० टन उत्सर्जनाच्या बारने करा. बोल्टमागे २.२ टन, वजाबाकीनंतर ०.८३५, म्हणजे ६३ युरो. टनामागे ३३ युरोंचा फरक पडला आणि तुमच्या कारखान्यात काहीच बदललं नाही, बदलला फक्त बार देणारा. बेंचमार्क पोलाद कोणत्या मार्गाने बनलं यावर बदलतो, ब्लास्ट फर्नेसचा वेगळा आणि भंगार वितळवणाऱ्या इलेक्ट्रिक भट्टीचा बराच कमी. म्हणून उत्सर्जनाच्या आकड्यासोबत मार्गही कळायला हवा.

माहिती कुठून आणायची

छतावरचं सोलर ग्राहकाला दाखवायला छान, पण सीबॅममध्ये पोलाद आणि अ‍ॅल्युमिनियमसाठी फक्त थेट उत्सर्जन धरतात. महावितरणचं बिल या हिशोबात येत नाही. हीट ट्रीटमेंटचा गॅसही तुलनेने किरकोळ: पाइपच्या नैसर्गिक वायूच्या एका घनमीटरमागे साधारण २ किलो, एलपीजीच्या एका किलोमागे ३ किलो कार्बन डायऑक्साइड. टनाला ६० घनमीटर जळत असेल तर ०.१२ टन, बारच्या २.६४ पुढे पाच टक्क्यांच्या आत. शेवटच्या टप्प्यातली कोणती प्रक्रिया मोजायची आणि कोणती नाही, हे तुमच्या कोडप्रमाणे पडताळणी करणाऱ्याकडून लिहून घ्या. तोवर गॅसची मासिक बिलं आणि मीटरचं रीडिंग जपून ठेवा. खरा आकडा पोलाद गिरणीकडेच आहे.

गिरणीला पत्र लिहाल तेव्हा नुसतं ‘सीबॅम डेटा द्या’ म्हणू नका. हे मागा: प्लांटचं नाव आणि ठिकाण, उत्पादनाचा मार्ग, कॅलेंडर वर्षासाठी टनामागचं थेट उत्सर्जन, त्यात डिफॉल्ट (मोजलेले नसून आयोगाने ठरवून दिलेले) आकडे किती वापरले, पडताळणी झाली का आणि कोणी केली. इंडक्शन भट्टीची गिरणी ‘आम्ही विजेवर चालतो, आमचं उत्सर्जन नगण्य’ असं सांगेल. तिला स्पंज आयर्न किती टक्के वापरता ते विचारा. कोळशावर बनलेलं स्पंज आयर्न स्वतःचं उत्सर्जन सोबत घेऊन येतं आणि ते बिलेटच्या (ज्यातून बार लाटतात त्या पोलादी ठोकळ्याच्या) खात्यात चढतं. भंगार मात्र शून्य धरलं जातं. रोलिंग मिल बिलेट बाहेरून घेत असेल तर बिलेटवाल्याचाही कागद लागेल.

सगळ्यात जास्त गळती होते ती स्टॉकिस्टकडे. मिल टेस्ट सर्टिफिकेट एका हीटचं (भट्टीतून एका वेळी ओतलेल्या पोलादाचं), बंडल दुसऱ्या हीटचं, आणि बार कापला की टोकाचा रंग आणि टॅग दोन्ही गेले. उपाय साधा आहे. गेटवर आवक होताना जीआरएनवर (माल आवक नोंदीवर) हीट नंबर आणि गिरणीचं नाव या दोन रकान्यांशिवाय माल घ्यायचाच नाही. टॅग शेवटच्या तुकड्याला बांधून ठेवायचा आणि कापणी दुसऱ्या टोकाने सुरू करायची. युरोपच्या ऑर्डरसाठी रॅकच वेगळा केला तर आणखी बरं.

दुसरी गळती जॉबवर्कच्या चलनात. प्लेटिंगला गेलेला माल चलनावर ‘४,००० नग’ असतो, किलो नाहीत. वस्तुमानाचा ताळेबंद किलोत जुळवावा लागतो: किती बार आला, किती बोल्ट झाला, किती भंगार विकलं, किती शिल्लक आहे. म्हणून चलनावर नगासोबत वजनही लिहायची सवय लावा, जाताना आणि येताना.

आणि तारीख. सीबॅमचं वर्ष जानेवारी ते डिसेंबर, आपली पुस्तकं एप्रिल ते मार्च. ३१ डिसेंबरला स्टॉक मोजला नाही, तर नंतर टॅलीतून तो काढताना डोकं फुटेल. त्या दिवशी बार, अर्धवट माल, तयार माल आणि भंगार, चारही वजनं घेऊन सही करून ठेवा.

पडताळणी की डिफॉल्ट?

खरे आकडे वापरायचे तर युरोपीय सदस्य देशाच्या मान्यता संस्थेने मान्यता दिलेल्या पडताळणीदाराचा अहवाल लागतो. तुमचं आयएसओ प्रमाणपत्र तिथे चालत नाही. पहिल्या वर्षी तो प्रत्यक्ष कारखान्यात येतो, त्याची फी आणि प्रवास तुमच्या खर्चात. अहवाल नसेल तर आयातदार देशनिहाय डिफॉल्ट आकडा वापरतो, आणि पोलाद-अ‍ॅल्युमिनियमवर तो २०२६ साठी १० टक्के, २०२७ साठी २० आणि २०२८ पासून ३० टक्के वाढवून धरला जातो. वर्षाला पंधरा-वीस टन पाठवणाऱ्याला पडताळणीचा खर्च बहुधा परवडणार नाही, त्याने डिफॉल्टवर दर बोलावा. काही शे टन पाठवत असाल आणि गिरणीचा आकडा चांगला असेल, तर वरच्यासारखं गणित मांडून ठरवा.

अहवाल तयार झाला की सीबॅम रजिस्ट्रीत बिगर-युरोपीय कारखान्यांसाठी असलेल्या विभागात नोंदणी करून तो एकदाच चढवता येतो आणि हव्या त्या आयातदारांना दाखवता येतो. दहा ग्राहकांना दहा एक्सेल पाठवायची गरज नाही, आणि तुमच्या बारच्या वापराची माहिती कोणाकोणाकडे गेली याची काळजीही कमी.

२०२६ च्या आयातीची प्रमाणपत्रं फेब्रुवारी २०२७ पासून विकली जातील आणि आयातदाराचं घोषणापत्र ३० सप्टेंबर २०२७ पर्यंत जायचं आहे. म्हणजे पडताळणीदार २०२७ च्या पहिल्या चार-पाच महिन्यांत हवा, आणि तेव्हा सगळ्यांनाच हवा असेल. त्याच्याशी बोलणी २०२६ मध्येच उरका.

करारात काय लिहायचं

‘सीबॅमचा सर्व खर्च विक्रेत्याने सोसावा’ अशी मोघम ओळ परचेस ऑर्डरच्या तळाशी बारीक अक्षरात येऊ लागली आहे. ती तशीच मान्य करू नका. प्रमाणपत्राचा भाव तुमच्या हातात नाही, २०२६ साठी तो युरोपातल्या उत्सर्जन परवान्यांच्या लिलावांच्या तिमाही सरासरीने ठरतो. तुम्ही हमी द्यायची ती फक्त टनामागच्या उत्सर्जनाची: आकडा अमुकच्या वर गेला तर जादा भाग आमचा, भावातला चढउतार तुमचा. आयातदाराने प्रमाणपत्रं वेळेवर भरली नाहीत तर त्याचा दंडही त्याचाच, हे स्पष्ट लिहा. दर दरवर्षी जानेवारीत पुन्हा ठरेल, अशी ओळ घाला, कारण टप्पा दरवर्षी चढतो. वरच्याच उदाहरणात २०३० चा ४८.५ टक्क्यांचा टप्पा टाकला, बेंचमार्क आणि भाव तेच ठेवले, तर ९६ चे १४४ युरो होतात.

ब्रिटनला माल जात असेल तर तिथला वेगळा सीबॅम १ जानेवारी २०२७ पासून लागू होतोय. त्याची मर्यादा टनात नसून बारा महिन्यांत ५०,००० पौंडांच्या मालाची आहे. हीट नंबर आणि वजनांच्या नोंदी त्यालाही याच कामी येतील, करारातली कलमं मात्र वेगळी लिहावी लागतील.