थंडीत गाडीची काच आतून धुकते? हे करून पाहा

राजेहो, डिसेंबर-जानेवारीत नागपुरात पहाटे गाडी काढली की पाच मिनिटांत समोरची काच पांढरी, आणि वर्धा रोडवर समोर ट्रक असताना हे लय डेंजर आहे. २०१८ च्या डिसेंबरात तर पारा ३.५ वर गेला होता आपल्याकडे.

होते काय, आपल्या श्वासातली वाफ थंड काचेवर जमते, म्हणून आधी ओलावा कमी करा. हीटर लावा पण सोबत एसी पण चालूच ठेवा, लोक थंडीत एसी बंद करतात तिथंच चुकते, एसी हवेतलं पाणी ओढून घेतो. हवा काचेकडे सोडा अन् रीसर्क्युलेशनचं (आतलीच हवा फिरवायचं) बटण बंद, बाहेरची कोरडी हवा येऊ द्या. घाई असेल तर दोन काचा बोटभर खाली करा.

हातानं पुसू नका भाऊ, तेलकट डाग राहतात आणि धुकं त्याच्यावर अजून धरते. आठवड्यातून एकदा काच आतून स्वच्छ मायक्रोफायबरनं पुसा. ओल्या मॅट, ओला टॉवेल रात्री गाडीत ठेवायचा नाही. सिलिका जेल (ओलावा शोषणारे दाणे) मोज्यात भरून डॅशबोर्डवर ठेवलं तरी फरक पडतो.

आणि काच पूर्ण साफ झाल्याशिवाय गाडी हलवू नका, प्लीज.