पॉसम आणि दगडफुलाची तुलना करताय? या चुका टाळा

ऑस्ट्रेलियाच्या आल्प्समध्ये, कोशिउस्को परिसरातल्या शिळांच्या ढिगांत माउंटन पिग्मी पॉसम राहतो. हा शिशुधानी प्राणी जेमतेम 45 ग्रॅमचा. तिथल्याच खडकांवर पिवळसर-हिरवं, काळ्या रेघांचं मॅप लायकेन नावाचं दगडफूल वाढतं. प्रकल्पासाठी जोडी झकास आहे, पण तक्ता करायला बसलं की घोळ होतो.

पहिला घोळ 'एक' कशाला म्हणायचं याचा. पॉसमची डोकी मोजता येतात. दगडफूल म्हणजे बुरशी आणि शैवाल यांचं एकत्र बिऱ्हाड. मॅप लायकेनचं शास्त्रीय नाव, रायझोकार्पॉन जिओग्राफिकम, हे त्यातल्या बुरशीचं. दगडफूल 'वनस्पती'च्या रकान्यात घालू नका. शेजारचे ठिपके वाढता वाढता एकमेकांना भिडतात, त्यामुळे ठिपके मोजून 'इतके जीव' लिहिणंही फसवं. त्याऐवजी व्याप्ती मोजा. पारदर्शक प्लास्टिकवर 10 बाय 10 सेंमीची चौकट आखून तिचे 100 चौकोन करा. निम्म्याहून जास्त भरलेला प्रत्येक चौकोन म्हणजे 1 टक्का. काळी कडा धरायची की सोडायची हे आधीच ठरवा, नाहीतर दोन जणांचे आकडे कधीच जुळत नाहीत.

'हिवाळ्यात दोघेही झोपतात' हे वाक्य तर खोडूनच टाका. पॉसम बर्फाखाली महिनोन्‌महिने शीतनिद्रेत असतो, त्याच्या शरीराचं तापमान 2 अंश सेल्सिअसपर्यंत उतरतं. पण अधूनमधून तो जागा होतो आणि साठवलेली चरबी जाळतो. दगडफूल थांबतं ते पाणी संपल्यामुळे, मग भर उन्हाळ्यातली दुपार का असेना. म्हणून तापमानाशेजारी खडकाच्या ओलाव्याचा रकाना हवाच. वाळलेल्या अवस्थेत ते किती चिवट असतं बघा: 2005 मध्ये फोटॉन-एम2 यानाबरोबर उघड्या अंतराळात सुमारे दोन आठवडे राहूनही परतल्यावर त्याचं प्रकाशसंश्लेषण सुरू झालं.

दगडफुलाच्या वाढीचा दर दुसऱ्या प्रदेशातल्या नोंदींमधून उचलू नका. हवामान बदललं की दर बदलतो. वय माहीत असलेला त्याच भागातला दगड, उदाहरणार्थ तारीख कोरलेलं थडगं, गाठा आणि एकमेकांत न मिसळलेले ठिपकेच मोजा.

पॉसमच्या रकान्यात 'शोध: 1966' असं लिहिलेलं दिसतं. त्या वर्षी माउंट हॉथमवर तो जिवंत सापडला. जीवाश्मांवरून त्याचं वर्णन 1890 च्या दशकातच झालं होतं.

आणि गोड्या मसाल्यातलं दगडफूल डोळ्यांसमोर ठेवू नका. ते पानांसारखं सुटतं. हे खडकात इतकं घट्ट रुतलेलं असतं की खरवडलं तर दगडाचे कपचे निघतात. शेजारी मोजपट्टी ठेवून कॅमेरा सरळ वरून धरा. तिरपा धरलात, तर गोल ठिपका लंबगोल दिसतो.