घरचा डेस्कटॉप बिघडला? तपासणी भिंतीतल्या सॉकेटपासून सुरू करा, आणि या चुका टाळा

गेल्या मे महिन्यात गुहागरकडच्या एका घरी डेस्कटॉप बघायला गेलो होतो. मशीन दोन वर्षांचं. मधेच रिस्टार्ट होतं, माऊस आपोआप तुटतो आणि जोडला जातो, स्पीकरमधून सतत घरघर. आधी एकाने रॅम बदलली होती, दुसऱ्याने एसएमपीएस, म्हणजे कॅबिनेटमधला वीज पुरवणारा डबा, बदलला होता, विंडोज तीनदा नव्याने टाकून झालं होतं. सात-आठ हजार रुपये गेले आणि दुखणं जागच्या जागी. मी खुर्ची ओढून बसलो तशा घरातल्या काकू म्हणाल्या, "चप्पल घालूनच बसा हो. नाहीतर सीपीयूला हात लागला की मुंग्या येतात. आम्ही सगळे चप्पल घालूनच बसतो."

मी टेस्टर काढून कॅबिनेटच्या मागच्या स्क्रूला लावला. दिवा पेटला. मग बोर्ड उघडून घेतला. सॉकेटच्या वरच्या मोठ्या भोकाला, म्हणजे अर्थिंगच्या, वायरच जोडलेली नव्हती. खालच्या एका भोकातली पितळी पट्टी सैल होऊन काळी पडली होती. फ्रिज चालू झाला की त्या सैल पट्टीवर ठिणगी पडायची आणि कॉम्प्युटर रिस्टार्ट व्हायचा. वायरमनने नवीन सॉकेट बसवून अर्थिंगची वायर जोडली, आणि त्या दिवसापासून मशीन एकदाही बंद पडलेलं नाही.

मी बरीच वर्षं चिपळूण-खेड-गुहागर पट्ट्यात घरगुती कॉम्प्युटर दुरुस्त करतो. इतक्या वर्षांत एक गोष्ट पक्की कळली आहे. घरच्या डेस्कटॉपची बहुतेक दुखणी वीज, दमट हवा आणि धूळ यांतून येतात, आणि आपण पैसे घालतो ते आतल्या सुट्या भागांवर. म्हणून तपासणी भिंतीपासून सुरू करून आत जायचं, हीच माझी पद्धत.

अर्थिंगकडे दुर्लक्ष

कॅबिनेटला मुंग्या का येतात ते समजून घ्या. एसएमपीएसमध्ये विजेतला गोंगाट गाळणारे छोटे कपॅसिटर असतात. ते फेज आणि न्यूट्रल दोन्हींकडून कॅबिनेटच्या पत्र्याला जोडलेले असतात, आणि पत्रा अर्थिंगला. अर्थिंग नसलं की त्यांतून झिरपणाऱ्या थोड्याशा विजेला वाट राहत नाही आणि पत्र्यावर पुरवठ्याच्या निम्मा, म्हणजे ११०-११५ व्होल्टच्या आसपास दाब उभा राहतो. करंट अगदी थोडा असतो, म्हणून नुसत्या मुंग्या येतात. पण उद्या आत खरोखर फेजची वायर पत्र्याला टेकली, तर त्या विजेला जायला वाट नसते. ती वाट मग तुमच्या हातातून होते. शिवाय असा कॅबिनेट चालू असताना एचडीएमआय केबल टीव्हीला लावली की ठिणगी पडून पोर्ट जळू शकतो. असे जळालेले पोर्ट मी अनेक पाहिले आहेत.

मल्टीमीटर असेल, आणि तो वापरायची सवय असेल, तर सॉकेटवर तीन मोजमापं घ्या. फेज ते न्यूट्रल २३० व्होल्टच्या आसपास, फेज ते अर्थ जवळजवळ तेवढंच, आणि न्यूट्रल ते अर्थ दोन-तीन व्होल्टच्या आत. तिसरा आकडा दहा-वीसच्या घरात गेला, किंवा दुसरा आकडा भलताच कमी आला, तर वायरमनला बोलवा. आमच्याकडे जांभ्याची जमीन एप्रिल-मेमध्ये पार सुकते आणि चांगलं केलेलं अर्थिंगही तेव्हा कमजोर होतं. मीठ-कोळशाच्या खड्ड्यात उन्हाळ्यात अधूनमधून बादलीभर पाणी ओतायचं ते याचसाठी. जुन्या घरांत हे माहीत असायचं, नव्या फ्लॅटमध्ये खड्डा कुठे आहे हेही कुणाला ठाऊक नसतं. सोसायटीला विचारा.

एक चूक तर जिवावरची आहे. अर्थिंग नाही म्हणून काही जण सॉकेटमध्येच न्यूट्रलची वायर अर्थच्या पिनला जोडून देतात. मुंग्या थांबतात, सगळे खूश. पण पुढे कधी न्यूट्रल तुटला की अख्ख्या कॅबिनेटवर पूर्ण २३० व्होल्ट येतात. असं करून दिलेलं आढळलं तर त्या दिवसापुरता कॉम्प्युटर बंदच ठेवा आणि आधी ते काढून घ्या.

यूपीएसवर भलता भार

घरोघरी दिसतो तो ६०० व्हीएचा यूपीएस. त्याची खरी ताकद साधारण ३६० वॉट. साधा डेस्कटॉप आणि मॉनिटर त्यावर आरामात चालतात. पण मागे मोकळी सॉकेट दिसली की लोक लेझर प्रिंटर त्यालाच लावतात. कागदावर शाई पक्की करायला तो प्रिंटर आतला रूळ तापवतो आणि त्या क्षणी शेकडो वॉट खेचतो. यूपीएस किंचाळतो आणि सगळं बंद. प्रिंटर थेट भिंतीला लावा.

आतली १२ व्होल्ट ७ एएचची बॅटरी दोन-तीन वर्षांत थकते. हे कळायला वीज जायची वाट बघू नका. सगळ्या फाइल सेव्ह करून बंद करा, कॉम्प्युटर चालूच ठेवा आणि यूपीएसचा भिंतीतला प्लग काढा. पाच मिनिटं निघाली तर ठीक. मिनिटभरात मान टाकली तर नुसती बॅटरी बदला, यूपीएस फेकू नका.

घराला इन्व्हर्टर आहे म्हणून यूपीएस नको, असंही ऐकतो. वीज गेल्यावर एसएमपीएस स्वतःच्या साठ्यावर साधारण १६-१७ मिलिसेकंद तग धरतो. यूपीएस त्याआधी बॅटरीवर येतो, पण इन्व्हर्टर साध्या मोडवर असेल तर त्याला जास्त वेळ लागतो आणि कॉम्प्युटर रिस्टार्ट होतो. बऱ्याच इन्व्हर्टरच्या मागे 'यूपीएस मोड'चं बटण असतं, ते आधी बघा. स्क्वेअर वेव्हच्या स्वस्त इन्व्हर्टरवर मात्र यूपीएस लावला तर तो ती वीज स्वीकारतच नाही, सारखा टकटक करत बॅटरीवर जातो. तुमचा तसा होत असेल तर दोष यूपीएसचा नाही.

आणि वळीव. मे महिन्याच्या शेवटी आणि परतीच्या पावसात ऑक्टोबरला विजा कडाडायला लागल्या की माझा फोन वाजायचं थांबत नाही. स्पाइक गार्ड आभाळातली वीज अडवत नाही. आभाळ भरून आलं की प्लग काढा आणि नेटची केबलही काढा. खांबावरून तांब्याची लॅन केबल घरात आली असेल तर बहुतेक वेळा मदरबोर्डचा लॅन पोर्ट तिच्यामुळेच जातो. फायबरच्या काचेतून वीज येत नाही, पण राउटरच्या अडॅप्टरमधून येऊ शकते, आणि राउटरपासून कॉम्प्युटरपर्यंतची केबल तांब्याचीच असते.

पावसाळ्यात बंद, गणपतीत चालू

आमच्याकडचा हा ठरलेला बिघाड. मुंबईची पोरं जून ते ऑगस्ट येत नाहीत, कॉम्प्युटर प्लास्टिकच्या कव्हरखाली झाकलेला. गणपतीला सगळे जमतात, कुणीतरी बटण दाबतं. पंखा फिरतो, दिवा लागतो, स्क्रीनवर काही नाही. कधी बीप बीप आवाज येतो. लगेच मदरबोर्ड गेला म्हणून घर हळहळतं.

दहापैकी सात-आठ वेळा रॅमच्या सोनेरी पट्ट्यांवर ओल धरलेली असते. प्लग काढा, पॉवरचं बटण पंधरा सेकंद दाबून धरा म्हणजे उरलेली वीज निघून जाईल. बाजूचा पत्रा उघडा. हात लावण्याआधी कॅबिनेटच्या उघड्या धातूला एकदा स्पर्श करा. रॅमच्या दोन्ही टोकांच्या क्लिपा बाहेर ढकलल्या की ती वर येते. शाळेतला पांढरा खोडरबर त्या पट्ट्यांवर हलक्या हाताने दोन्ही बाजूंनी फिरवा, चुरा ब्रशने पूर्ण झाडा, आणि खाच जुळवून रॅम परत बसवा. 'टक्' असा आवाज येईपर्यंत दाबायची. इथे लोक घाबरतात आणि अर्धवट बसवून ठेवतात. मग दुखणं तेच राहतं आणि मदरबोर्डवरचा संशय वाढतो. दोन रॅम असतील तर एकेक लावून बघा, स्लॉटही बदलून बघा.

प्लास्टिकचं कव्हर पावसाळ्यात नको. आत ओल कोंडते. जुन्या सुती साडीचा तुकडा पुरतो, तोही मशीन थंड झाल्यावर. घरात कुणी राहत असेल तर दिवसाआड अर्धा तास कॉम्प्युटर चालू ठेवा. स्वतःच्या उष्णतेने तो कोरडा राहतो.

धूळ काढताना होणारं नुकसान

दिवाळीच्या साफसफाईत मोडलेले कॉम्प्युटर दरवर्षी येतात. ओल्या फडक्याने आतला बोर्ड पुसलेला, नाहीतर व्हॅक्यूम क्लीनरची नळी आत घालून एखादा बारीक भाग उडवलेला. धुळीला ब्लोअरच चांगला, आणि मशीन गॅलरीत नेऊन. ब्लोअर मारताना पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवा. हवेच्या जोराने पंखा भलत्या वेगाने फिरला की त्याचं बेअरिंग जातं आणि महिनाभरात खरखर सुरू होते.

कॉम्प्युटर देवघराशेजारी असेल तर जागा बदला. उदबत्तीची काजळी तेलकट असते. ती धुळीला धरून ठेवते आणि प्रोसेसर थंड ठेवणाऱ्या कूलरच्या जाळीवर असा थर बसतो की ब्लोअरने निघत नाही. मागच्या बाजूला मोकळ्या स्लॉटच्या पट्ट्या नसतील तर बसवून घ्या. त्या फटीतून पाल आत शिरते, उबेला एसएमपीएसमध्ये जाऊन बसते, आणि एका रात्रीत दोघंही संपतात. पण एसएमपीएस स्वतः उघडू नका. त्यातल्या मोठ्या कपॅसिटरवर प्लग काढल्यानंतरही ३०० व्होल्टहून जास्त दाब काही काळ राहतो.

चालू केल्यावर दहा-पंधरा मिनिटांनी मशीन आपोआप बंद पडत असेल तर प्रोसेसरचा कूलर बघा. इंटेलच्या प्रोसेसरसोबत डब्यात येणाऱ्या बऱ्याच कूलरला चार प्लास्टिकच्या खुंट्या असतात. त्यातली एक जरी निसटली तरी कूलर एका बाजूने उचलला जातो. खुंट्या तिरप्या समोरासमोरच्या जोडीने दाबायच्या. प्रोसेसर आणि कूलरच्या मधे लावायची नवीन थर्मल पेस्ट मटाराच्या दाण्याएवढी पुरे, अख्खी ट्यूब लागत नाही. एएमडीच्या एएम४ सॉकेटमध्ये (मदरबोर्डवर प्रोसेसर बसतो ती जागा) कूलर थंड असताना सरळ वर ओढला तर चिकटलेला प्रोसेसरही सॉकेटमधून उपटून येतो आणि त्याच्या पिना वाकतात. आधी दहा मिनिटं मशीन चालवा, बंद करून प्लग काढा, मग कूलर हलकेच डावी-उजवीकडे पिळून सोडवा.

नवीन जोडलेल्या मशीनचं एकच सांगतो, कारण फोनवर रोज तेच विचारतात. वेगळं ग्राफिक्स कार्ड घेतलं असेल तर मॉनिटरची केबल त्या कार्डाला लावा, मदरबोर्डला नाही. इंटेलच्या ज्या प्रोसेसरच्या नावाच्या शेवटी 'एफ' आहे त्यात ग्राफिक्स नसतंच, त्यामुळे मदरबोर्डच्या पोर्टला केबल लावून स्क्रीन कधीच येणार नाही. आणि दोन रॅम असतील तर चार स्लॉटच्या बहुतेक बोर्डांवर त्या प्रोसेसरपासून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये बसतात.

इंटरनेटला दोष, गुन्हेगार बॅटरी

सगळ्या साइट 'कनेक्शन सुरक्षित नाही' म्हणून अडतात, मोबाइलवर मात्र नेट झकास चालतं. उजव्या कोपऱ्यातली तारीख बघा. ती पाच-सात वर्षं मागे गेली असेल तर मदरबोर्डवरची सीआर२०३२ ही रुपयाच्या नाण्यासारखी दिसणारी बॅटरी संपली आहे. तारीख चुकली की साइटची प्रमाणपत्रं ब्राउझरला अवैध वाटतात. बॅटरी घड्याळजीकडेही मिळते.

मशीन मंद झालं की रोज 'शट डाउन' करूनही फरक पडत नाही, अशी तक्रार असते. विंडोज १० आणि ११ मध्ये फास्ट स्टार्टअप चालू असेल तर शट डाउन करताना सिस्टिमचा गाभा डिस्कवर साठवून ठेवला जातो आणि सकाळी तोच परत उचलला जातो. अडकलेलं अडकलेलंच राहतं. आठवड्यातून एकदा 'रिस्टार्ट' करा.

विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. मशीन ११ ला चालत नाही असा संदेश आला म्हणून लगेच नवीन घ्यायला धावू नका. काही वेळा टीपीएम, म्हणजे ११ ला लागणारी सुरक्षेची सोय, नुसती बायोसमध्ये (मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये) बंद असते. इंटेलमध्ये ती पीटीटी आणि एएमडीमध्ये एफटीपीएम या नावाने सापडते. प्रोसेसरच जुना असेल, इंटेलची सातवी पिढी किंवा त्याआधीची, तर विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही फुकट मिळणारी सिस्टिम टाकून बघा. पत्रं, यूट्यूब, बँकेचं काम सगळं होतं.

फॉरमॅट मारण्याआधी

या एका चुकीपायी लोकांना माझ्यासमोर रडताना पाहिलं आहे. 'सी ड्राइव्ह फक्त फॉरमॅट करतो, बाकीचं तसंच राहील,' असं सांगून कुणीतरी विंडोज टाकून जातं. पण डेस्कटॉपवर ठेवलेले फोटो आणि डॉक्युमेंट्समधल्या फाइल सी ड्राइव्हमध्येच असतात. फॉरमॅटला हो म्हणण्याआधी ती दोन फोल्डर, पिक्चर्स आणि डाउनलोड्स बाहेरच्या हार्ड डिस्कवर उतरवा, आणि कॉपी झालेल्या चार फाइल दुसऱ्या मशीनवर उघडून बघा.

२२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी चिपळूणच्या घरांत शिरलं, त्यानंतरच्या आठवड्यात माझ्याकडे चिखलाने भरलेले कॅबिनेट आले. ज्यांनी 'चालतो का बघू' म्हणून उन्हात वाळवून बटण दाबलं होतं, त्यांच्या हार्ड डिस्क गेल्या. डिस्कला श्वासासाठी बारीक भोक असतं, त्यातून चिखलाचं पाणी आत जातं आणि तबकडी फिरली की वाचणारं डोकं त्यावर घासतं. भिजलेली डिस्क चालू करू नका, उघडू नका, वाळवतही बसू नका. आहे तशी ओल्या फडक्यात आणि पिशवीत बांधून डेटा रिकव्हरी करणाऱ्याकडे पोचवा, आणि ती पाण्यात किती वेळ होती ते त्याला सांगा.