सहलीची शेवटची संध्याकाळ: समच्या वाळूचे फोटो

सातारा-सांगलीकडच्या मंडळींची राजस्थान सहल बहुधा जैसलमेरला संपते, आणि तिथून साधारण ४० किलोमीटरवरच्या सम गावाच्या वाळूवर. तोवर कार्डात किल्ले आणि थाळ्यांचे हजारभर फोटो साठलेले असतात, बॅटरी अर्ध्यावर आलेली असते आणि लेन्सवर कुणाचं तरी तुपकट बोट उमटलेलं असतं. म्हणून निघण्याआधी हॉटेलवरच लेन्स पुसा, रिकामं कार्ड घाला आणि दोन बॅटऱ्या भरून घ्या. लेन्स कोणती लावायची तेही तिथेच ठरवा, कारण वाळूवर लेन्स बदलायची नाही. अगदीच वेळ आली तर जीपच्या काचा वर करून, पंखा बंद ठेवून बदला. एकच न्यायची तर ७०–२०० मिमीची, लांबचं जवळ आणणारी लेन्स न्या. समच्या टेकड्या फार उंच नाहीत. रुंद दृश्य टिपणाऱ्या वाइड लेन्समध्ये त्या बसक्या दिसतात आणि कडेच्या जीपा, तंबू फुकटात फ्रेममध्ये येतात. लांबच्या लेन्सने टेकड्यांच्या माथ्यावरच्या तीन-चार धारा एकामागे एक रचता येतात. मोबाइल असेल तर दोन किंवा तीन पट झूमची वेगळी लेन्स वापरा.

सूर्यास्ताच्या दीड तास आधी वाळूवर पोचा. डिसेंबरात सूर्य सहाच्या आसपास मावळतो, म्हणजे साडेचारला. उंटांचे तांडे ऐन सूर्यास्ताला येतात आणि त्यानंतर पाऊल न पडलेली जागा उरत नाही. गर्दीपासून किलोमीटरभर चालत जा.

खळ्यावरची शाळूची रास आठवा. धान्य वर ओतलं की एका उतारापर्यंत ठरतं, पुढे घसरायला लागतं. वाळूचंही तेच. वाऱ्याकडची बाजू लांब आणि मंद, आडोशाची बाजू सुमारे ३४ अंशांवर घसरती, आणि दोन्ही जिथे भेटतात तिथे धार. फोटो काढायचा तो या धारेचा. तिच्या एका अंगाला ऊन आणि दुसऱ्या अंगाला सावली हवी, म्हणून सूर्य बाजूला घ्या. ‘सूर्य पाठीशी ठेवा’ हा जुना सल्ला इथे साफ फसतो; सावल्या उंचवट्यांमागे लपतात आणि वाळू खाकी ताडपत्रीसारखी सपाट दिसते.

धारेवरून चालू नका. आधी खाली उभं राहून फ्रेम ठरवा, मग मागून वळसा घेऊन जा. सगळ्यात जास्त फोटो बिघडतात ते स्वतःच्याच पावलांनी.

वाळूवरच्या बारीक वळ्या घ्यायच्या असतील तर कॅमेरा गुडघ्याखाली आणा. ऊन वळ्यांना आडवं पडेल अशी दिशा शोधा; वळ्यांच्या लांबीतून ऊन आलं तर त्या दिसतच नाहीत. वाइड लेन्स आणली असेल, तर फुल फ्रेमवर (मोठ्या सेन्सरच्या कॅमेऱ्यावर) २४ मिमी, एफ ११ (लेन्सचं छिद्र बारीक), आयएसओ १०० (प्रकाशाची संवेदनशीलता कमी) ठेवून फोकस दोन मीटरवर दिला, की साधारण एक मीटरपासून क्षितिजापर्यंत सगळं स्पष्ट येतं. ऊन उतरलं की वळीच्या पाठीवर सोनेरी रेघ आणि पोटात निळसर सावली असते. ही निळाई घालवू नका. ऑटो व्हाइट बॅलन्स (रंगांची आपोआप दुरुस्ती) सोनं फिकं करतो, ते सेटिंग डेलाइटवर ठेवा.

उजळ वाळूने फ्रेम भरली की कॅमेऱ्याचा प्रकाश मोजणारा मीटर फसतो आणि चित्र मळकट येतं. एक्स्पोजर (चित्राचा उजेड) +०.७ ते +१ करा. सूर्य फ्रेममध्ये आला की उलट, –१ किंवा त्याहून खाली. उंटाची छायाकृती हवी तर उंट आकाशासमोर यायला हवा आणि त्याचे चारही पाय सुटे दिसायला हवेत. पाय एकत्र आले की खांबावर पोतं ठेवल्यासारखं दिसतं. मोबाइलवर बोट दाबून एक्स्पोजर लॉक करा आणि मग खाली ओढा. उंटवाल्याला आधी विचारा, पैसेही ठरवून घ्या. सरहद्दीचा जिल्हा आहे, ड्रोन घरीच राहू द्या.

सूर्य बुडाला की लोक टाळ्या वाजवून तंबूकडे वळतात. तुम्ही अजून २०–२५ मिनिटं थांबा, वाळूवरचा सर्वात मऊ प्रकाश तेव्हाच असतो. ट्रायपॉड लागेल. त्याचा सर्वात खालचा भाग थोडा बाहेर काढून पाय घट्ट बसेपर्यंत रोवा, म्हणजे पाय आवळायचे खटके वाळूच्या वर राहतात. तारे हवे असतील तर पंचांगात अमावस्या बघूनच सहलीची तारीख धरा, आणि तंबूंच्या दिव्यांपासून लांब जा.

मुक्काम तिथेच असेल तर पहाट सोडू नका. रात्री वारा सुटला असेल तर पावलं बरीच बुजलेली असतात. जानेवारीत सूर्योदय साडेसातच्या सुमारास, म्हणजे आपल्याकडच्यापेक्षा उशिराच. थंडीत बॅटरी लवकर उतरते, दुसरी आतल्या खिशात ठेवा.

सफाईचा क्रम चुकवू नका: आधी ब्लोअर (हवा मारायचा रबरी फुगा), मग मऊ ब्रश, आणि कापड सगळ्यात शेवटी. कापड आधी लावलं तर एकच कण काचेवर कायमची रेघ ओढतो. बॅग मात्र घरी आल्यावर अंगणात उलटी करून झटका, गाडीत नको.