घरच्या टाकीतल्या चिलापीचे खाद्य: कसे निवडावे, कुठून आणावे

उजनी धरणाच्या फुगवट्यातून भिगवणच्या बाजारात येणाऱ्या बहुतेक चिलापीला कुणी विकतचे खाद्य घातलेले नसते. शेवाळ, प्लवंग (पाण्यात तरंगणारे सूक्ष्म जीव), किडे, तळाचा गाळ यांवरच ती पोसलेली असते. त्यामुळे बऱ्याच जणांना वाटते, परसातल्या ताडपत्रीच्या टाकीत सोडलेली चिलापीही, म्हणजे तिलापियाच, अशीच वाढेल. ती जगते, पण वाढत नाही. धरणात एकेका माशाच्या वाट्याला अफाट पाणी असते, टाकीत जेमतेम साठ लिटर. तिथे तिच्या पोटात जाणारा जवळजवळ प्रत्येक घास आपल्याला विकत आणावा किंवा घरी बनवावा लागतो. एकूण खर्चातला निम्म्याहून जास्त पैसा खाद्यातच जातो, म्हणून मासे आणण्याआधी खाद्याचा विचार करावा.

त्याआधी एक गोष्ट. तिलापिया पाळण्यासाठी मत्स्यव्यवसाय विभागाची परवानगी लागते, आणि बीज, म्हणजे पाळायला आणायची लहान पिल्ले, मान्यताप्राप्त केंद्रातले, सगळे नर असलेलेच घ्यायचे असते. 1952 साली भारतात आणलेली मोझांबिक तिलापिया ठिकठिकाणच्या जलाशयांत बेसुमार वाढली, म्हणून हा नियम आहे. नर-मादी मिसळलेले बीज टाकीत सोडले तर मासे पिल्ले घालत बसतात आणि तुमचे महागडे खाद्य त्या पिल्लावळीच्या पोटात जाते. बीज नर करण्यासाठी हॅचरीत, म्हणजे बीज तयार करणाऱ्या केंद्रात, पहिले तीन-चार आठवडे हार्मोन मिसळलेले खाद्य देतात. ते काम त्यांचेच. तसले खाद्य कुणी घरी वापरायला देऊ केले, तर घेऊ नका.

पहिली पायरी: किती लागेल ते कागदावर मांडा

चार मीटर व्यासाची गोल टाकी आणि मीटरभर पाणी धरा, म्हणजे साधारण साडेबारा हजार लिटर. एरेटर (पाण्यात हवा सोडणारे यंत्र) चोवीस तास चालणार असेल, तर त्यात 200 मासे 400 ग्रॅमपर्यंत नेता येतात. काढणीला 80 किलो मासा मिळेल. चांगल्या खाद्यावर एक किलो मासा वाढायला साधारण दीड किलो खाद्य लागते, म्हणजे एकूण 120 किलो.

हे 120 किलो सगळ्या टप्प्यांत सारखे वाटले जात नाही. मासे 20 ग्रॅमचे होईपर्यंत सगळ्यांना मिळून जेमतेम पाच किलो पुरते. 20 पासून 100 ग्रॅमपर्यंत वीस-बावीस किलो लागते. उरलेले नव्वदच्या वर किलो शेवटच्या टप्प्यात खपते. नवखा माणूस बीज आणतानाच बारीक खाद्याची अख्खी गोणी घेतो. त्यातले पाच किलो संपते, बाकीचे पडून खवट होते. बारीक खाद्य सुटे मिळत असेल तर सुटेच घ्या, नाहीतर गावात आणखी कुणी मासे पाळत असेल त्याच्याशी गोणी वाटून घ्या.

दुसरी पायरी: दाण्याचा आकार आणि प्रथिने

तिलापियाचे तोंड लहान असते. दाणा मोठा असला तर ती तो तोंडात घेते, बाहेर टाकते, पुन्हा घेते, आणि तोवर त्यातला कस पाण्यात विरघळून जातो. पाच ग्रॅमपर्यंतच्या बोटुकलीला (बोटाएवढ्या पिल्लाला) भुकटी किंवा चुरी, 20 ग्रॅमपर्यंत एक ते दीड मिलिमीटरचा दाणा, 100 ग्रॅमपर्यंत दोन मिलिमीटर, त्यापुढे तीन आणि पाव किलोनंतर चार मिलिमीटर, असे धरून चाला.

प्रथिने याच्या उलट क्रमाने कमी होत जातात. जिऱ्याला, म्हणजे अगदी बारीक पिल्लांना, आणि लहान बोटुकलीला 40 टक्के, मधल्या वयात 32 ते 35, मोठ्या माशाला 28 ते 30. मोठ्या माशाला 40 टक्क्यांचे खाद्य घालणारे लोक मी पाहिले आहेत. हौसेने घालतात, पण जास्तीच्या प्रथिनांचा पाण्यात अमोनिया होतो. पैसे जातात आणि पाणीही बिघडते.

तिसरी पायरी: गोणीवरचे वाचा, मग गोणी उघडून बघा

लेबलवर प्रथिने, स्निग्धांश, तंतुमय भाग आणि ओलावा यांची टक्केवारी असते. स्निग्धांश चार ते सहा टक्के चांगला. तंतुमय भाग आठच्या वर दिसला तर आत कोंडा जास्त भरला आहे असे समजा. ओलावा अकरा-बाराच्या आत हवा. पण सगळ्यांत आधी उत्पादनाची तारीख बघा. माझ्या दुसऱ्या खेपेला मी एका दुकानातून सवलतीत दोन गोण्या आणल्या. तारीख जवळजवळ वर्षापूर्वीची होती आणि मी ती पाहिलीच नव्हती. मासे खात होते, पण दीड महिन्यात काहींच्या पाठी वाकड्या दिसू लागल्या. क जीवनसत्त्व साठवणीत उडून जाते, आणि ते कमी पडले की माशाचा कणा वाकतो. एकदा वाकलेला कणा पुन्हा सरळ होत नाही. तीन महिन्यांहून जुनी गोणी मी आता कितीही स्वस्त मिळाली तरी घेत नाही.

दुकानदार एखादी गोणी उघडू देत असेल तर मूठभर दाणे नाकाशी न्या. भाजल्यासारखा, किंचित सुकटीसारखा वास यावा. जुन्या तेलासारखा खवट किंवा कोंदट वास आला तर परत फिरा. तळाशी भुकटी फार असेल तर तेवढे पैसे पाण्यातच जाणार, कारण ती भुकटी मासा उचलत नाही. घरी आणल्यावर बादलीत मूठभर दाणे टाका. अर्ध्या तासाने ते तरंगत असावेत, बोटाने दाबल्यावर मऊ लागावेत, पण विरघळलेले नसावेत.

टाकीसाठी तरंगते खाद्यच घ्या, असे माझे स्पष्ट मत आहे. ते बुडत्या खाद्यापेक्षा महाग असते, पण मासे खातात की नाही ते डोळ्यांना दिसते. बुडत्या खाद्यात उरलेले काय ते तळाशी कुजल्यावरच कळते.

भावाची तुलना गोणीवर करू नका, माशावर करा. समजा एक खाद्य 45 रुपये किलो आहे आणि किलोभर मासा वाढायला ते दोन किलो लागते, तर खर्च 90 रुपये. दुसरे 55 रुपये किलो आहे, पण दीड किलोत काम होते, तर 82 रुपये 50 पैसे. महाग दिसणारी गोणी स्वस्त पडली. हा हिशेब तुमच्या टाकीचा, तुमच्या वजनकाट्यावरचा असावा, विक्रेत्याने सांगितलेला नव्हे.

चौथी पायरी: कुठून आणायचे

जिल्ह्याच्या ठिकाणी कोंबडीखाद्य आणि पशुखाद्य विकणाऱ्या मोठ्या दुकानांत चौकशी करा. कोंबडीचे खाद्य मात्र माशाला घालायला आणू नका, ते पाण्यात लगेच फुटते आणि त्याचा कस वेगळा असतो. त्याहून चांगला मार्ग म्हणजे जवळपास जलाशयातल्या पिंजऱ्यात किंवा शेततळ्यात मासे पाळणारा कुणी शोधणे. त्याच्याकडे दर महिन्याला ताजा माल उतरतो, त्यातल्या दोन गोण्या तुम्हाला मिळाल्या की ताजेपणाची काळजी मिटते. कुठल्या टप्प्याला काय द्यावे याचा सल्ला हवा असेल तर जिल्ह्याचे मत्स्यव्यवसाय कार्यालय आणि कृषी विज्ञान केंद्र आहेच. शिवाय उदगीर आणि रत्नागिरीची मत्स्य महाविद्यालये आणि मुंबईत वर्सोव्याची केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्थाही आहे.

कोंबडीच्या दुकानातली आतडी-पिसे फुकट मिळतात, त्यांना हात लावू नका. पाणी सडते, रोग येतो, आणि तो मासा शेवटी आपल्याच ताटात येतो.

गोणी घरी आल्यावर फळीवर ठेवा, भिंतीला टेकवू नका. पावसाळ्यात झाकणाच्या ड्रममध्ये भरा. बुरशीचा एक डाग दिसला तरी ती गोणी खतात टाका.

पाचवी पायरी: घरी बनवायचे असेल तर

पूर्ण घरच्या खाद्यावर टाकी चालवणे कठीण आहे. पण 100 ग्रॅमच्या पुढच्या माशांना निम्मे घरचे, निम्मे विकतचे असे जमते, आणि लातूरसारख्या सोयाबीनच्या पट्ट्यात ते परवडतेही. दहा किलोसाठी माझे प्रमाण असे: सोयाबीन डीओसी (तेल काढून उरलेली पेंड) 4 किलो, शेंगदाणा पेंड 1 किलो, मीठ न लावलेल्या सुकटीची पूड 1 किलो, भाताचा बारीक कोंडा अडीच किलो, गव्हाचे पीठ 1 किलो 200 ग्रॅम, खनिज-जीवनसत्त्व मिश्रण 200 ग्रॅम, तेल 100 ग्रॅम. प्रथिने साधारण 32 टक्के भरतात.

कच्चे सोयाबीन दळून घालू नका. त्यातला एक घटक प्रथिने पचू देत नाही, तो उष्णतेनेच मरतो. डीओसी कारखान्यात तापवलेली असते, म्हणून ती चालते. शेंगदाणा पेंड जुनी, काळपट, बुरसट असेल तर तिच्यात अफ्लाटॉक्सिन हे बुरशीचे विष असू शकते, आणि ते माशाच्या यकृतावर जाते.

पेंड आणि कोंडा मैद्याच्या चाळणीने चाळून घ्या. जीवनसत्त्वाचे मिश्रण आणि तेल सोडून बाकी सगळे एकत्र करून कोमट पाण्यात घट्ट मळून वीस मिनिटे वाफवा, म्हणजे गव्हाचा चीक धरतो आणि दाणा पाण्यात टिकतो. निवल्यावरच जीवनसत्त्वाचे मिश्रण आणि तेल मळा, कारण वाफेने जीवनसत्त्वे मरतात. मग शेवयांच्या सोऱ्याने कुरडईसारखे पाडून सावलीत कडकडीत वाळवा आणि हाताने मोडा. हे दाणे बुडतात, म्हणून जाळीची परात दोरीने टाकीत सोडून तिच्यात घाला. तासाभराने परात वर काढली की शिल्लक दिसते.

अझोला ही पाण्यावर तरंगणारी वनस्पती, तो सहज वाढतो म्हणून बरेच जण त्याच्या भरवशावर असतात. पण ताज्या अझोल्यात नव्वद टक्क्यांहून जास्त पाणीच असते, किलोभर वाळवला तर साठ-सत्तर ग्रॅम हातात येतो. चारा म्हणून मूठभर जरूर द्या, मुख्य जेवण म्हणून नको.

सहावी पायरी: किती आणि केव्हा घालायचे

दर पंधरा दिवसांनी वीस मासे जाळीने काढून बादलीत तोला, सरासरी वजनाला माशांच्या संख्येने गुणा. 20 ते 50 ग्रॅमच्या माशांना एकूण वजनाच्या पाच-सहा टक्के, 100 ग्रॅमच्या आसपास तीन-चार, पाव किलोनंतर दोन-अडीच टक्के खाद्य रोज द्या. 200 मासे 50 ग्रॅमचे असतील तर दहा किलो वजन, म्हणजे दिवसाला अर्धा किलो, तीन वेळांत. पंधरा मिनिटांनंतर दाणे तरंगत राहिले तर पुढच्या वेळी कमी करा.

पहाटे पाण्यात प्राणवायू सगळ्यांत कमी असतो, म्हणून पहिला घास ऊन वर आल्यावर, नऊच्या सुमारास. मळभ असेल तर निम्मे. डिसेंबर-जानेवारीत मराठवाड्यात आणि सोलापूरकडे टाकीचे पाणी 20 अंशांखाली जाते, तेव्हा मासे खायला वर येत नाहीत. त्यांना भूक नसते, आपण मात्र सवयीने टाकत राहतो. थंडीत दुपारी एकदाच, थोडेसे घाला, आणि थर्मामीटर 16 च्या जवळ गेला की पूर्ण बंद करा.

काढणीच्या आदल्या दिवशी काही घालू नका. रिकाम्या पोटीचा मासा नेताना कमी दगावतो आणि साफ करायलाही सोपा जातो.